आधी लाकूड दिसलं

जंगल तोडणाऱ्याला गोळी घातली पाहिजे, असं मी बरीच वर्षं मनापासून मानत होतो. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, कुणी विषय काढला की बोलूनही दाखवायचो. त्याची शरम वाटत नव्हती. उलट आपल्याला निसर्गाची चाड आहे, असं वाटून बरं वाटायचं. उरणच्या बाजूला वाढलेल्या माणसाने डोळ्यांदेखत खारफुटी भरावाखाली जाताना पाहिलेली असते, तेव्हा राग असणं साहजिक आहे. पण तो राग मी कधी भराव टाकणाऱ्यावर काढला नाही. तो काढायला मला हातात कुऱ्हाड असलेला माणूस बरा वाटायचा. एक तर तो लांब कुठेतरी डोंगरात असायचा, आणि तो उलटून काही बोलणार नव्हता.

माझं काम सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. न्हावा शेव्याच्या बंदरातून माल परदेशी पाठवायचा तर कस्टमची कागदपत्रं लागतात. ती करून देणारे एजंट असतात. अशाच एका एजंटाच्या कचेरीत मी कारकुनी केली. शिपिंग बिल भरायचं, इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट ताडून बघायची, ऑफिसरपुढे फाइल घेऊन उभं राहायचं, आणि गेट बंद व्हायच्या आत कंटेनर बंदरात गेला पाहिजे म्हणून ट्रेलरच्या ड्रायव्हरला रात्री-अपरात्री फोन करायचे. मालाला आमचा हात लागत नाही. बहुतेक वेळा तो दिसतही नाही. ‘कागद चोख तर माल चोख,’ असं मला काम शिकवणाऱ्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, आणि पुढे नव्या पोरांना मीही तेच सांगत आलो. सांगताना कधी अडखळलो नाही.

रक्तचंदन मला लहानपणापासून ठाऊक होतं ते बाहुली म्हणून. कुणीतरी तिरुपतीहून आणलेली. पाय मुरगळला, गालगुंड झालं की आई ती सहाणेवर उगाळायची आणि विटकरी लेप लावायची. उगाळून उगाळून बाहुलीचा एक खांदा सपाट झाला होता. हे लाकूड कुठे होतं, कुणी तोडलं, हा प्रश्न घरात कुणाला पडण्याचं कारणच नव्हतं.

लाकूड म्हणून रक्तचंदन मी पाहिलं ते कंटेनरच्या गोदामात, पंच म्हणून. डीआरआयच्या, म्हणजे महसुली गुप्तचरांच्या अधिकाऱ्यांना झडतीच्या वेळी दोन त्रयस्थ माणसं लागतात. आवारात फाइल घेऊन फिरणारा कारकून त्यांना सोयीचा पडतो. ‘या हो काका, दहा मिनिटांचं काम आहे,’ म्हणून घेऊन जातात आणि दिवस मावळतो.

त्या कंटेनरच्या कागदांवर माल वेगळाच होता. दाराचं सील शाबूत होतं, नंबरही जुळत होता. अधिकाऱ्याने मला जवळ बोलावून दाराच्या कडीवर बोट ठेवलं. सगळं दार गंजलेलं आणि कडीचे रिव्हेट तेवढे चकचकीत. सील तोडायची गरजच नसते, तो म्हणाला. कडी उतरवायची, आतला माल बदलायचा, कडी परत ठोकायची. कंटेनर कारखान्यातून निघाला तेव्हा आत कागदावरचाच माल असतो. वाटेत कुठल्या तरी गोदामाकडे ट्रेलर वळतो, एवढंच.

दार उघडल्यावर मी नाक पुढे केलं. चंदन आहे तर वास येईल, अशी माझी समजूत. वास काहीच नाही. पुढे खोक्यांची एक रांग आणि तिच्यामागे ओंडके. साल काढलेली, वरचं पांढरं लाकूड तासून टाकलेलं, निव्वळ लाल गाभा. मांडीएवढा एक ओंडका हमालाने सवयीने एकट्याने उचलायला घेतला आणि शिवी हासडून खाली ठेवला. हे लाकूड पाण्यात बुडतं, असं अधिकारी सांगत होता. मग एकेक ओंडका काट्यावर गेला, वजन वहीत गेलं, आणि एक पोरगा डब्यात ब्रश बुडवून प्रत्येकाच्या टोकावर रंगाने आकडा घालत गेला. मी पंचनाम्याच्या प्रत्येक पानावर सही केली. ज्याच्या नावावर माल चालला होता, त्या माणसाला आपल्या नावाने निर्यातीचा परवाना निघालाय हेही ठाऊक नव्हतं, असं नंतर कानावर आलं.

घरी जाऊन मी काय सांगितलं? आंध्रातले चोर बघा, सगळं जंगल विकून खातायत. आमच्या बंदरात, आमच्यासारख्याच एका कचेरीने केलेल्या कागदांवर निघालेल्या मालाला मी आंध्रातली चोरी म्हणालो. त्यात काही चुकतंय हे माझ्या लक्षातही आलं नाही.

हे झाड जगात दुसरीकडे रानात वाढत नाही. पूर्व घाटाचं दक्षिण टोक, कडप्पा, चित्तूर, नेल्लोर, कर्नूलचे कोरडे खडकाळ डोंगर आणि आसपासचा थोडा भाग, एवढंच त्याचं घर. वाढ अतिशय मंद. गाभा लाल व्हायला दशकं लागतात. चीनमध्ये राजेरजवाड्यांच्या काळापासून या लाकडाच्या फर्निचरची प्रतिष्ठा आहे, जपानात शामिसेन नावाच्या तंतुवाद्याची मान यापासून करतात. १९९५ पासून हे झाड साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. रानातून तोडलेल्या रक्तचंदनाची निर्यात आपल्याकडे बंद आहे. जप्त केलेलं लाकूड मात्र सरकार परवानगी काढून विकतं. २०१४ साली आंध्र सरकारने अशा हजारो टनांचा जागतिक ई-लिलाव केला होता. म्हणजे तेच लाकूड एका कागदावर गुन्हा आणि दुसऱ्या कागदावर महसूल. हे सगळं मला कामापुरतं ठाऊक होतं. मतं बनवताना ते कधी कामी आलं नाही.

७ एप्रिल २०१५ च्या पहाटे तिरुपतीजवळच्या शेषाचलमच्या डोंगरात आंध्रच्या विशेष पथकाने २० लाकूडतोड्यांना गोळ्या घालून मारलं. सगळे तमिळनाडूतले. दगड आणि कोयते घेऊन शंभरावर लोक अंगावर आले, म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी चालवली, असं पोलिसांनी सांगितलं. दुपारपर्यंत बातमी आमच्या कचेरीत पोचली होती. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मी लिहिलं, ‘उत्तम झालं. जंगल वाचवायचं तर हेच पाहिजे.’ त्याखाली बरेच अंगठे आले.

माझा राग अगदीच हवेतला नव्हता, हे इथे सांगितलं पाहिजे. डिसेंबर २०१३ मध्ये याच डोंगरात वनखात्याच्या दोघांना तस्करांच्या टोळीने दगडांनी ठेचून मारलं होतं. ती बातमी मी विसरलो नव्हतो. त्या प्रकरणात शेकडो तमिळ मजूर पकडले गेले, दीर्घकाळ तुरुंगात राहिले आणि पुढे न्यायालयातून सुटले. ही दुसरी बातमी मी वाचलीच नाही. ती आतल्या पानावर लहान चौकटीत आली असेल, पण मी आतली पानं वाचणारा माणूस आहे.

मग फोटो आले. डोंगरात पडलेली प्रेतं आणि बाजूला ओंडके. मी फोटो बोटांनी मोठा केला. आता जे लिहितोय ते लिहायला जड जातंय. मी मेलेल्या माणसांकडे पाहत नव्हतो. मी लाकूड पाहत होतो. गाभा किती लाल आहे, लांबी किती असेल, कुठल्या प्रतीचं असेल. धंद्याची नजर म्हणा, किंवा त्याहून वाईट काही म्हणा. आणि पाहता पाहता मला त्या ओंडक्यांपैकी काहींवर रंगाच्या खुणा दिसल्या.

मी फोन खाली ठेवला आणि परत उचलला. रात्री अंधारात झाड पाडून, तासून, खांद्यावर घेऊन पळणारा माणूस ओंडक्याला रंग लावत बसत नाही. ओंडक्यावर आकडा पडतो तो जप्त झाल्यावर, सरकारी आवारात, पंचांसमोर. मी स्वतः पंच होतो. ब्रशचा तो पोरगा मला डोळ्यांसमोर दिसला. जर या खुणा जप्तीच्या असतील, तर हे लाकूड या माणसांच्या खांद्यावरून कसं पडलं?

मी न्यायाधीश नाही, आणि एका फोटोवरून खटला चालत नाही. मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या लोकांनी पुढे याच खुणांवर बोट ठेवलं, हेही मी नंतर वाचलं. मरणाऱ्यांपैकी काही जणांना आदल्या दिवशी बसमधून उतरवून नेलं होतं, असं त्यांच्यातून वाचलेल्याने राष्ट्रीय मानवी हक्क आयोगापुढे सांगितलं. पोलिसांनी आपलं म्हणणं सोडलं नाही. त्या पहाटे डोंगरात काय झालं याचा निवाडा मी करत नाही. माझ्यात काय झालं तेवढं सांगू शकतो.

वीस माणसं मेली याने मला काहीच झालं नव्हतं. मी त्याला ‘उत्तम’ म्हणालो होतो. मी हललो तो रंगाची खूण चुकीच्या जागी दिसली म्हणून. नोंदीत गफलत दिसली, तेव्हा मला माणसं दिसली. या क्रमाची मला अजून लाज वाटते. माझ्या मनातली दया जागी झाली वगैरे म्हणायला मला आवडलं असतं. जागा झाला तो कारकून.

पण एकदा माणसं दिसली ती दिसलीच. ती तिरुवन्नमलई, धर्मपुरी या भागांतली होती. जव्वादच्या डोंगरातल्या आदिवासी वस्त्यांमधलेही काही होते. त्या डोंगरात कुऱ्हाड चालवता येणं हे अंगचं कौशल्य, आणि दुसरी मजुरी हाताशी नाही. मुकादम येतो, उचल देतो, गाडी भरून नेतो. बांधकामावर, रंगकामावर जातो असं घरी सांगून निघालेले होते, असं त्यांच्या बायका सांगत होत्या. हे वाचताना मला उरण-पनवेलच्या वीटभट्ट्या आठवल्या. उचल, मुकादम, पावसाळा संपता संपता भरून येणारे टेम्पो. आमच्याकडच्या कातकऱ्यांबद्दल मी असं कधी म्हणालो असतो का, की गोळी घाला? म्हणालो नसतो, असं लिहायला हात शिवशिवतो. पण खैर तोडताना पकडलेल्या कातकऱ्याची बातमी वाचून मी काय बोललो होतो ते माझ्या बायकोला आठवतं, आणि तिने ते मला ऐकवलंही.

ग्रुपवरचा मेसेज तसाच राहिला. तेव्हा पाठवलेला मेसेज सगळ्यांच्या फोनवरून पुसायची सोय नव्हती. असती तर पुसला असता, आणि मग कदाचित हे लिहायची वेळही आली नसती.

त्या दिवसांत मला एक जुनी चिठ्ठी आठवायला लागली. आधी नुसती टोचत होती, मग झोपू देईना. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पार्टीचा कंटेनर होता. कागदावर माल प्लास्टिकच्या घरगुती वस्तू: डबे, मग, बादल्या. कंटेनर काट्यावर चढला आणि काट्याची चिठ्ठी माझ्या हातात आली. वजन बादल्यांचं नव्हतं. थोडंथोडकं जास्त असतं तर ठीक, पण हा फरक डोळ्यांत भरण्यासारखा होता. मी पार्टीच्या माणसाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, ‘काका, पॅलेट भारी आहेत. पॅकिंग लिस्ट बदलून पाठवतो.’ आणि त्याने ती पाठवली. नव्या लिस्टमध्ये वजन काट्याशी जुळत होतं. मी जुनी काढली, नवी लावली, फाइल पुढे सरकवली. कंटेनर गेला.

त्यात काय होतं मला आजही माहीत नाही. रक्तचंदनच होतं असं मी म्हणत नाही. कर चुकवलेला दुसरा एखादा माल असेल, खरोखरच पॅलेट भारी असतील. पण बादल्यांच्या पॅलेटना एवढं वजन नसतं हे मला तेव्हाही कळत होतं. मला जुळवाजुळव करायची होती, ती मी केली. मला कुणी लाच दिली नाही, धमकावलं नाही. गेट बंद व्हायला आलं होतं आणि मला घरी जायचं होतं, एवढंच.

त्यानंतर मी हिशेब मांडायला लागलो, तो मला सोडवेना. डोंगरातला माणूस खांद्यावर एक ओंडका नेतो. एका फाइलवर कंटेनर जातो. जून २०२२ मध्ये अहमदाबादेत साबरमतीच्या कंटेनर डेपोत डीआरआयने एक कंटेनर अडवला. तो शारजाला निघाला होता आणि कागदावर माल होता साबण, शाम्पूसारख्या प्रसाधनांचा. आत निघालं १४.६३ टन रक्तचंदन, किंमत ११.७० कोटी. इतकं लाकूड डोंगरातून खाली आणायला किती खांदे लागले असतील? आणि ते जहाजावर चढवायला किती सह्या? खांदे शेकड्यात असतील. सह्या बोटांवर मोजण्याएवढ्या. गोळी मात्र कायम जिथे माणसं जास्त तिथेच सुटते. आमच्या बाजूला बहुतेकदा परवाना निलंबित होतो, आणि त्यावर अपील करता येतं.

बाहेरच्या देशांत काय करतात ते मग मी वाचू लागलो. सगळीकडे आमचीच जातकुळी भेटली. मार्च २०१४ मध्ये सिंगापूरच्या बंदरात मादागास्करच्या रोजवुडचे २९,४३४ ओंडके पकडले गेले. खटला वर्षानुवर्षं खालीवर होत राहिला आणि २०१९ साली शेवटच्या न्यायालयात आरोपी सुटले. माल सिंगापुरात आणलेला नव्हता, पुढच्या प्रवासासाठी नुसता थांबला होता, हा बचाव टिकला. वाचून माझ्यातल्या कारकुनाने आधी दाद दिली. काय मुद्दा काढलाय! मग दाद दिल्याबद्दल स्वतःचाच राग आला. मादागास्करमध्ये तेव्हा हे लाकूड बाहेर न्यायला बंदी होती, आणि तरी सिंगापुरात ते धक्क्यावर रचलेलं होतं.

उलट अमेरिकेने २००८ साली आपल्या जुन्या लेसी कायद्यात लाकूड आणलं. दुसऱ्या देशात चोरून तोडलेलं लाकूड अमेरिकेत घेणं हाच गुन्हा. गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीला मादागास्करच्या एबनीपायी २०१२ साली तीन लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटवावं लागलं. युरोपने २०१३ पासून लाकूड पहिल्यांदा बाजारात आणणाऱ्यावरच चौकशीची जबाबदारी टाकली. या कायद्यांनाही पळवाटा आहेत, आणि पळवाटा कुठे असतात हे मला सांगायला नको. तरी एक गोष्ट मला पटली. कुऱ्हाडवाल्याला कितीही मारा, मुकादम दुसरा टेम्पो भरून आणतो. खरेदीदाराला आणि मधल्या कागदवाल्याला दरदरून घाम फुटला तरच टेम्पो थांबेल. मी कागदवाला असल्यामुळे हे मत मला आवडत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये ‘पुष्पा’ आला. आमच्या कचेरीतली पोरं टोळीने बघायला गेली, मलाही नेलं. रक्तचंदन चोरणाऱ्या हमालाचा तस्करांचा राजा होतो, आणि त्याच्या प्रत्येक डावावर थेटरात शिट्ट्या. शिट्ट्या मारणाऱ्यांत २०१५ ला अंगठे देणारे होते. पोरांना मी काही बोललो नाही. सिनेमा मलाही आवडला होता.

१ जुलै २०१६ पासून निर्यातीच्या प्रत्येक कंटेनरचं प्रमाणित वजन आधी द्यावं लागतं. त्यामुळे आता वजनाबद्दल विचारलं तर कुणाला नवल वाटत नाही, आणि मी विचारतो. पार्टी खरोखर दिलेल्या पत्त्यावर आहे का हे बघणं एजंटाचं कामच आहे, नियमात लिहिलेलं आहे. पूर्वी मी ते लाइटबिलाची झेरॉक्स घेऊन उरकायचो.

गेल्या काही वर्षांतलं एक सांगतो. नवी पार्टी आली. माल हलका, वजन भारी. मी पत्त्यावर गेलो. तिथे मोबाइल रिचार्जचं दुकान होतं. दुकानदाराने पार्टीचं नाव ऐकलंही नव्हतं. मी परत येऊन शेठना सांगितलं की या फाइलवर मी सही करणार नाही. शेठ म्हणाले, ‘तू काय पोलीस आहेस का? पत्ता बदलला असेल.’ पण त्यांनी फाइल थांबवली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मी डीआरआयला कळवलं का? नाही. शेठनाही कळवलेलं आवडलं नसतं, आणि खरं तर मलाच भीती वाटली. कुऱ्हाडवाल्याला गोळी घाला म्हणायला मला भीती वाटली नव्हती.

पार्टीने आपली फाइल उचलली आणि आमच्याच इमारतीतल्या दुसऱ्या एजंटाकडे दिली. त्यांचा माणूस जिन्यात भेटला की ‘काय काका, बरं आहे ना?’ म्हणतो. मीही बरं आहे म्हणतो.